सहाचाकीचा क्राऊन बदलून हायवेला आरपीएम कमी करावा का?

मालकचालक

नमस्कार मंडळी. गाडी टाटाची सहाचाकी, १६ टनी, २०१४चं मॉडेल, पाच गिअर, टायर १०.०० आर २०. चाकणला भरतो आणि सोलापूरमार्गे हैदराबादला खाली करतो. माल बहुतेक वेळा प्लास्टिकचे क्रेट, नाहीतर थर्माकोलचं पॅकिंग. बॉडी वरपर्यंत गच्च, पण काट्यावर सहा-साडेसहा टनांच्या वर जात नाही.

दुखणं असं की साठच्या स्पीडला टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाचे फेरे, म्हणजे आरपीएम, दाखवणारा) २१०० च्या पुढे असतो. सत्तरला गाडी इंजिनाचे फेरे रोखणाऱ्या गव्हर्नरलाच टेकते. शेजारच्या क्लीनरशी बोलायचं तर ओरडावं लागतं. हडपसर सोडलं की पुढे सगळा सपाट रस्ता, हात आपोआप पुढच्या गिअरसाठी दांड्याकडे जातो, पण सहावा आहेच कुठे!

क्राऊन (मागच्या अ‍ॅक्सलमधलं मोठं दातेरी चाक) ६/४१ आहे, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला ६ दात आणि क्राऊनला ४१. एक मिस्त्री म्हणतो ७/४१ टाक, गाडी पळेल आणि डिझेलही वाचेल. दुसरा म्हणतो घाटात रडशील. दोघंही ठाम. कुणी केलंय का?

कोथरूडकर

साठऐवजी पन्नासने चालवा. फुकट उपाय.

मालकचालक

साहेब, पन्नासने गेलो तर पोचेपर्यंत गोडाऊनचं गेट बंद. दुसऱ्या दिवसाच्या हॉल्टिंगच्या (थांबून राहण्याच्या) पैशांवरून पार्टीशी भांडण वेगळंच.

आकडेमोड

माझी नोकरी गिअरच्या हिशोबाचीच आहे, म्हणून राहवत नाही. तुमचे दोन्ही मिस्त्री बरोबर आहेत. दोघांनी मनात वेगवेगळी गाडी धरली आहे एवढंच.

आधी हायवे. तुमचा टायर एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातो. ताशी ६० म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे मिनिटाला सुमारे ३१२ फेरे. पाचवा गिअर सरळ, १:१, तेव्हा गिअरबॉक्समध्ये काहीच कमी-जास्त होत नाही. ४१ भागिले ६ म्हणजे ६.८३. गुणाकार केला की २१३५ आरपीएम. तुमचा टॅकोमीटर खरं बोलतोय. ७/४१ केलं तर गुणोत्तर ५.८६ आणि त्याच स्पीडला १८३०. सरळ तीनशे फेरे कमी. सत्तरला आज २४९० होतात, तिथे २१३५ होतील.

आता घाट. तुमच्या गिअरबॉक्सचा पहिला ७.५१, दुसरा ३.९९, तिसरा २.५० आणि चौथा १.५१ असणार, पुस्तकात ताडून बघा. इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) १५०० आरपीएमच्या आसपास ४०० न्यूटन-मीटर धरते. तिसऱ्या गिअरमध्ये ६/४१ असताना चाकाशी साधारण ११९० किलोचा जोर मिळतो. पूर्ण १६ टन भरलेली गाडी सहा टक्क्यांच्या चढावर न्यायला लागतो ११३० किलो. म्हणजे तिसऱ्यात कशीबशी निघते. ७/४१ ला तोच तिसरा १०२० किलो देतो. निघत नाही, दुसरा टाकावा लागतो. "घाटात रडशील" म्हणणारा हेच सांगतोय.

पण तुमची गाडी १६ टनांची नाहीच. रिकामी साडेपाच आणि माल साडेसहा धरला तर १२ टन. तिला त्याच चढाला ८४० किलो पुरतात. ७/४१ लावूनही तिसऱ्यात चढेल.

तेलकट हात

ताईंचा हिशोब चोख. ह्यात एक जोडतो, कागदावर पटकन दिसत नाही म्हणून. तुमच्या गिअरच्या पेटीत चौथ्या-पाचव्यात फार मोठी उडी आहे. ६/४१ ला पाचव्यात गाडी दमली आणि पन्नासला चौथा टाकला तर इंजिन २७०० कडे जाईल, गव्हर्नर आडवा येणार. म्हणून ड्रायव्हर काय करतो, स्पीड पंचेचाळीसच्या खाली पडेपर्यंत पाचव्यातच गाडी रेटतो, काळा धूर काढत. ७/४१ ला तोच चौथा पन्नासला २३०० वर बसतो. सोलापूर रोडच्या पुलांवर चौथा कामाला येतो.

७/४१ केला की गाडी "मेली" असं म्हणतात, ते पहिल्या गिअरच्या उचलीबद्दल खरं आहे. भरल्या गाडीने चढावर उठायचं तर क्लच जास्त वेळ घासणार. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दर दहा फुटांना उठणं-थांबणं करणाऱ्याने प्लेटचा खर्च मनात धरूनच हे करावं.

पिंपळपार

एक बाळबोध प्रश्न. ६/४१ आणि ७/४१ दोन्हींत मोठ्या चाकाला ४१च दात. मग नुसता पिनियन बदलला तर नाही का चालणार? निम्म्या पैशांत काम.

तेलकट हात

हा प्रश्न गॅरेजला वर्षानुवर्षं येतो. नाही चालणार. दातांची संख्या सारखी असली तरी दात कापलेले वेगळ्या कोनात असतात. शिवाय क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवतात, म्हणून दोघांवर जोडीचा एकच नंबर कोरलेला असतो. नंबर जुळला नाही तर दुकानदाराने कितीही शपथा घेतल्या तरी सेट घेऊ नका.

बसवतानाही कारागिरी आहे. पिनियन किती आत-बाहेर, ते शिमांनी (पातळ चकत्यांनी) ठरतं. क्राऊन-पिनियनमधला मोकळेपणा डायल गेज लावून बघायचा, हाताने हलवून "ठीक आहे" म्हणायचं नाही. मग क्राऊनच्या चार-पाच दातांना रंग लावायचा, फिरवायचं आणि घास दाताच्या कुठल्या भागावर पडतो ते बघायचं. घास दाताच्या टोकाला किंवा पार बुडाशी गेला तर पुन्हा उघडा, पुन्हा शीम बदला. जो मिस्त्री हे करत नाही त्याने बसवलेला नवा सेट भोसरीहून निघून लोणी काळभोरपर्यंत हू-हू करायला लागतो. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं हायपॉइड गिअर ऑइल भरा, आणि पहिलं ऑइल लवकर बदला.

मालकचालक, हल्ली तुमच्या गाडीचा क्राऊन आवाज करतो का? पाय सोडल्यावर की दाबल्यावर?

मालकचालक

सोडल्यावर. पन्नास-पंचावन्नला पाय उचलला की बारीक घूं येतो. दाबला की जातो. मला टायरचा वाटायचा.

तेलकट हात

टायरचा असता तर पाय उचलल्यावर बदलला नसता. पिनियनच्या बेअरिंगचा खेळ वाढलाय. आज ना उद्या डिफरन्शियल (क्राऊन-पिनियन बसतात ती मागची पेटी) उघडावं लागणारच. म्हणजे मजुरी, बेअरिंग, ऑइल सील, ऑइल हा खर्च तसाही व्हायचाच आहे. फक्त आरपीएमसाठी चांगली चालू डिफरन्शियल उघडायची असती तर मी नको म्हटलं असतं.

घाटमाथा

सगळे चढायचा हिशोब करताहेत. उतरायचा कोण करणार?

मी पुणे-बंगळूर लाइनवर असतो. नवा कात्रज बोगदा सोडला की नवले पुलापर्यंत जो लांब उतार आहे, तिथे काय होतं ते पुण्याच्या पेपरात वाचता तुम्ही. खंबाटकीतही तेच. उताराला इंजिनच गाडी धरून ठेवतं, आणि ७/४१ केलं की त्याच गिअरमध्ये ती पकड सातातला एक हिस्सा कमी होते. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाला रोखणारा) तर इंजिनाचे फेरे चढलेले असतील तरच धरतो. फेरे कमी केले, ब्रेक कमजोर केला. मग ड्रायव्हर पायाचा ब्रेक दाबून बसतो आणि ड्रम तापतात.

सवय बदलायची तयारी असेल तरच बदला. आधी तिसऱ्यात उतरायचात तिथे आता दुसऱ्यात उतरायचं, आणि तेही उतार सुरू व्हायच्या आधी टाकून. मध्येच टाकायला गेलात आणि गिअर पडला नाही तर गाडी न्यूट्रलला, सगळा भार ब्रेकवर आणि पुढे टेम्पो.

कोथरूडकर

न्यूट्रलवरून आठवलं. उताराला न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं म्हणतात ते खरं का? मग क्राऊन वगैरे भानगडच नको. (हे मी सुचवत नाहीये, विचारतोय.)

आकडेमोड

उलट आहे. गाडी गिअरमध्ये आणि पाय पूर्ण सोडलेला असेल तेव्हा चाकंच इंजिनाला फिरवतात आणि पंप डिझेल तोडतो. न्यूट्रलला इंजिनाला स्वतःच्या जोरावर चालू राहायचं असतं, म्हणून आयडलिंगचं डिझेल जळतच राहतं. म्हणजे न्यूट्रलवाला डिझेलही जाळतो आणि ब्रेकही.

घाटमाथा ह्यांचा मुद्दा माझ्या हिशोबात राहिला होता. पूर्ण सहमत.

पिंपळपार

मग डिझेल नक्की वाचतं किती? मिस्त्री लोक "लिटरला अर्धा किलोमीटर वाढेल" म्हणतात ते पटत नाही.

आकडेमोड

मलाही पटत नाही. जड ट्रकवाल्यांत एक ठोकताळा चालतो: हायवेच्या स्पीडला शंभर आरपीएम कमी झाले की साधारण एक टक्का डिझेल कमी. तीनशेला तीन टक्के. महिन्याला ७००० किलोमीटर आणि लिटरला ५ चा ॲव्हरेज धरला तर १४०० लिटर लागतात, त्यातले ४२ वाचतील. ९० रुपये भाव धरला तर पावणेचार हजारांच्या आसपास. पाचाचे साडेपाच होत नाहीत, फार तर पाचाचे सव्वापाचच्या आत.

आणि तेही स्पीड तीच ठेवली तर! आवाज कमी झाला की पाय आपोआप दाबला जातो. हवेचा अडथळा स्पीडच्या वर्गाने वाढतो. ६० ऐवजी ७५ ने गेलात तर तो दीडपटीच्या वर. तुमचा माल हलका आणि बॉडी उंच, म्हणजे तुमच्या गाडीला वजनापेक्षा हवाच जड. तीन टक्के कुठच्या कुठे जातील.

बीएस-६ वाला

माझी २०२२ची गाडी आहे. त्यात असंच क्राऊन बदलता येईल का?

तेलकट हात

भाऊ, त्या गाडीला हात लावू नका. ईसीयूमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये) अ‍ॅक्सलचं गुणोत्तर आणि टायरचा घेर भरलेला असतो. लोखंड बदललं आणि आकडा तोच राहिला तर गाडीला स्वतःची स्पीड चुकीची कळणार. करायचंच असेल तर कंपनीत, त्यांच्याच मशीनवर, आणि त्या मॉडेलला कंपनी जे गुणोत्तर देते तेवढंच. वॉरंटीचं काय ते आधी लेखी घ्या.

आकडेमोड

स्पीडचा विषय निघालाच आहे तर मालकचालक, हे नीट वाचा. धाग्यात अजून कुणी बोललं नाही.

तुमच्या गाडीचा स्पीडोमीटर बहुधा गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून चालतो, म्हणजे क्राऊनच्या अलीकडून. क्राऊन बदलला हे त्याला कळणारच नाही. तो ६० दाखवेल तेव्हा गाडी ७० ने धावत असेल. स्पीड गव्हर्नरही सहसा तोच सिग्नल घेतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ११८ प्रमाणे तो ८० वर बांधलेला, पण गाडी प्रत्यक्षात ८२ ला इंजिनाच्या गव्हर्नरला टेकेल तेव्हा त्याला ७० च दिसतील. कॅमेऱ्याखाली चलन आलं तर "मीटर ७० च दाखवत होता" हे कोण ऐकणार? दुरुस्ती आहे: इलेक्ट्रॉनिक मीटरला नवा आकडा भरून घ्यायचा, केबलवाल्याला मीटरचं छोटं गिअर बदलायचं. क्राऊन बसवतानाच करून घ्या, नंतर म्हणून ठेवलं की राहतं.

ह्यातून एक गंमत होते. किलोमीटरचा आकडाही त्याच जागेवरून येतो. खरे ७०० किलोमीटर गेलात तर मीटर ६०० दाखवतो. डिझेल मात्र खऱ्या ७०० चं जळलेलं. मग मालक मीटरवरून ॲव्हरेज काढतो, तो आधीपेक्षा कमी भरतो, आणि ७/४१ ने गाडी डिझेल जास्त खाते अशी बोंब होते. बाजारात ७/४१ बद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात त्यांतल्या बऱ्याच ह्या हिशोबातल्या असाव्यात असा मला दाट संशय आहे.

घाटमाथा

आयला! आमच्या शेडमध्ये ह्याच कारणाने एकाने पुन्हा ६/४१ बसवून घेतला. ॲव्हरेज पडला म्हणून. मीटरकडे कुणी बघितलंच नाही.

ओहायोहून

इथले लांब पल्ल्याचे ट्रक ताशी १०५ ला ११००-१२०० आरपीएमवर चालतात. अ‍ॅक्सल २.६४ आणि वर ओव्हरड्राइव्ह (शाफ्टला इंजिनापेक्षा जोरात फिरवणारा गिअर). आपल्याकडचं ६.८३ वाचून डोळे पांढरे झाले. :)

आकडेमोड

तिथलं इंजिन १३-१५ लिटरचं, गिअर बारा, आणि हजार आरपीएमलाच भरपूर टॉर्क. पाच गिअरच्या पेटीवर ते गुणोत्तर लावलं तर गाडी पार्किंगमधून उठायची नाही.

तिकडच्या अनुभवातली एक गोष्ट मात्र इथे लागू आहे. क्राऊनचं गुणोत्तर कमी केलं की चाकाला तेवढाच जोर द्यायला प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतच्या दांड्याला) जास्त पीळ सोसावा लागतो. शाफ्टचे क्रॉस (सांधे) आणि सेंटर बेअरिंग आधीच ढिले असतील तर ते आधी बघा.

पिंपळपार

मग क्राऊन तसाच ठेवून सहा गिअरची ओव्हरड्राइव्ह पेटी बसवली तर? सायकलला मागे आणखी एक छोटी चकती लावावी तसं. चढाचे गिअर जागच्या जागी आणि सपाटीला वरचा एक जादा.

तेलकट हात

डोक्याने ऐकाल तर हाच खरा उपाय. सहावा ०.८ च्या आसपास मिळाला तर ६/४१ ठेवूनही साठला १७०० च पडतात, आणि घाटात काही जात नाही. पण पेटीची लांबी वेगळी, मग प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करा, माउंटिंग बदला, क्लच प्लेट आणि लिंकेज जुळवा. २०१४च्या गाडीला एवढा खर्च मी तरी करणार नाही. पुढची गाडी घेताना मात्र शोरूममध्ये पहिला प्रश्न हाच विचारा, अ‍ॅक्सल कितीचा आणि वरचा गिअर कितीचा. लोक केबिनचा एसी आणि सीट बघून येतात.

कोथरूडकर

कायद्याचं कुणी बोलणार का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२.

तेलकट हात

बरोबर आठवण केलीत. कंपनीच्या मूळ माहितीशी आणि आरसीशी विसंगत बदल करता येत नाही. आरसीत क्राऊनचे दात लिहिलेले नसतात म्हणून लोक बिनधास्त करतात, पण त्याच मॉडेलला कंपनीने दिलेलं गुणोत्तर लावणं वेगळं आणि कुठल्यातरी भलत्या गाडीचा अ‍ॅक्सल ठोकून बसवणं वेगळं. पार्ट नंबर पुस्तकात दिसला तरच पुढे जा, बिल जपून ठेवा. विमावाल्यालाही एक पत्र द्या, अपघातानंतर तो कारणंच शोधत असतो.

टायर मोठे टाकून आरपीएम उतरवायचा सल्लाही मिळेल. टायरची साइझ आरसीत असते, आणि फरक पडतो जेमतेम तीन टक्के. तेवढा फरक तर नव्या आणि घासलेल्या टायरमध्येच असतो.

मालकचालक

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ताई, विशेष आभार.

माझं गणित असं जमतंय: माल हलका, लाइन सपाट, डिफरन्शियल तसंही उघडायचंय. तर ७/४१. महिन्यातून एखादी फेरी भिवंडीची पडते आणि येताना खंडाळा चढायचा असतो, पण तेव्हा गाडी अर्धी रिकामीच असते. जाताना उतरायचं दुसऱ्यात, हे घाटमाथा काकांचं लिहून केबिनमध्ये चिकटवतो, कारण महिन्यातले काही दिवस गाडी माझ्या भाच्याच्या हातात असते आणि तो घाईचा आहे.

एकच शंका. आत्ता ६/४१ च आहे ही खात्री कशी करू? गाडी मी सेकंडहँड घेतलीय, आधीच्या मालकाने काय केलंय देव जाणे.

तेलकट हात

आरपीएमवरून ६/४१ च वाटतोय. तरी बघायचं असेल तर असं करा. सपाट जागा, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड, गाडी न्यूट्रल. मागची एकच बाजू जॅकवर उचला, खाली घोडी लावा. पार्किंग ब्रेक मागच्या चाकांवर असतो, तो सोडावा लागेल, म्हणून दगड आधी. प्रोपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. जमिनीवरचं चाक थांबलेलं असल्यामुळे वरचं दुप्पट फिरतं, म्हणून दोन. शाफ्टचे सातला थोडे कमी आले तर ६/४१, सहाला थोडे कमी आले तर ७/४१.

घाटमाथा

आणि बदलल्यावर ॲव्हरेज मीटरवर काढू नका. टाकी गळ्यापर्यंत भरा, किलोमीटर मोबाइलच्या जीपीएसवर घ्या, परत त्याच पंपावर त्याच पातळीला भरा. इथे आकडा टाका.

पिंपळपार

जुना ६/४१ विकणार असाल तर सांगा. आमच्या मेव्हण्याची गाडी खडी वाहते, त्याला लागेल.

तेलकट हात

घूं करणारा सेट खडीच्या गाडीला? मेव्हण्याशी काही वाद आहे का तुमचा?